डोंगर पेटला त्या दुपारी

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकीला नाही, धाकट्या बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बिरोबाच्या देवळात जाते, हात जोडते, आणि देवाशीसुद्धा दुसरंच काहीतरी बोलून येते. गुडघ्याचं, पावसाचं, नातीच्या परीक्षेचं. तुम्हाला सांगायला बसले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर आजपासून नीट ओळखाल.

पण आधी गावाचं सांगू द्या. तुम्ही म्हणाल, बाई, मुद्द्यावर या. येते हो! पण गाव कळल्याशिवाय मी काय करून बसले ते कळायचं नाही.

वडूजहून विट्याकडं जाताना आत फाटा फुटतो, तिकडं आमचं गाव. माझं माहेर कृष्णाकाठचं, उसातलं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळताना रडले होते मी. डोंगर बोडका, ओढा कोरडा. गावातली निम्मी माणसं पलटणीत आणि निम्मी सोनं गाळायच्या धंद्यात, कुठं कुठं लांबच्या शहरात. गावात राहायचं ते म्हाताऱ्यांनी, बायकांनी आणि मेंढरांनी. मी माहेरी गेले की सांगायची, आमच्याकडं दगड चांगले पिकतात. भाऊ हसायचा, आणि मला उगीचच राग यायचा.

आणि मग ह्याच गावानं काय करून दाखवलं! बाहेरून कुणी साहेब आला नाही, कुणी पुढारी आला नाही. एका उन्हाळ्यात टँकरसुद्धा यायचा बंद झाला, आणि माणसं देवळाच्या पटांगणात बसली. भांडली, एकमेकांचे आजे-पणजे काढले, आणि उठताना ठरवून उठली — अमुशाला आपल्याकडं औत धरत नाहीत ना? बैल मोकळे, माणसंही मोकळी. मग दर अमुशाला घरटी एक माणूस डोंगरावर. पाणी अडवायला चर खणायचे, झाडं लावायची. घरात पुरुष नसला तर बाईनं जायचं, आणि बाई गेली तर तिला कुणी हसायचं नाही. हे शेवटचंही ठरावातच होतं बरं का. आमचे मालक तेव्हा नुकतेच सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांना तर ऊतच आला. "चलो भई, लाईन में!" असं ओरडत सगळ्या गावाला त्यांनी डोंगराला उभं केलं. म्हाताऱ्या लाजायच्या, पण लायनीत यायच्या.

पुढं ठरलं की बोअर मारायचं नाही. ऊस लावायचा नाही. हे ऐकून तर मी कपाळच बडवून घेतलं. ऊस नाही तर शेती कसली ती? मी उठून बोललेही तसं. तेव्हा एकटा ऊसच सगळ्या गावाचं पाणी पिऊन टाकील, असं भर सभेत मला समजावलं ते म्हाळूतात्यांनी.

म्हाळूतात्या म्हणजे डोंगराच्या मागच्या अंगाला राहणारे धनगर. माझ्या सासऱ्यांचे जीवाभावाचे. मला आल्या दिवसापासून "सूनबाई" म्हणायचे, आणि सासरे गेल्यावरही त्या हाकेत फरक पडला नाही. त्यांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर चरायची. गावानं डोंगर बंद करायचं काढलं तेव्हा नुकसान कुणाचं होतं सांगा? माझं? माझ्या तर विहिरीला पाणी वाढणार होतं. नुकसान होतं ते तात्यांचं. पहिल्या सभेला ते तावातावानं उठून गेले. आठवडाभर गावात आले नाहीत. मग एका अमुशाला सकाळी बघतो तर काय — तात्या, त्यांचा मुलगा सोपान, आणि त्यांची घोडी! घोडीच्या पाठीवर पाण्याचे कॅन. जिथं आम्हाला घागर घेऊन चढायला होत नव्हतं, तिथं त्या घोडीनं उन्हाळाभर रोपांना पाणी नेलं. "झाडं मेंढरांच्या तोंडाच्या वर गेली की सोडा आमाला डोंगरावर," तात्या म्हणाले, "तवर मागची पट्टी पुरंल." बस्स, एवढंच मागितलं त्यांनी. गावानं मागची पट्टी त्यांना दिली, टाळ्या वाजवून.

मला आजही वाटतं, त्या माणसाएवढं कुणीच दिलं नाही.

झाडं लागली. करंज, कडुलिंब, बोर, आपटा, सीताफळ. गवत तर असं माजलं की कमरेला लागायचं. रोपवाटिका आम्हा बायकांकडं होती आणि मी तिची मुख्य. पिशव्यांत माती भरण्यापासून रोपं घरोघर वाटण्यापर्यंत सगळीकडं माझा आवाज. विहिरींना वैशाखातही पाणी राहायला लागलं. टँकर गेला तो गेलाच. बाहेरगावची माणसं गाड्या करून बघायला येऊ लागली, आणि त्यांना डोंगर दाखवायला कोण? मीच. मी, जिला हा डोंगर बघून रडू आलं होतं! तोंड आहे ना मला. सगळे म्हणायचे, आक्का बोलल्या की ऐकत राहावंसं वाटतं.

आता येते मुद्द्यावर.

गवत वाढलं तशी वणव्याची धास्ती वाढली. ग्रामसभेत ठराव झाला — शिमगा झाल्यापासून मृग निघेपर्यंत रानात काडी ओढायची नाही. बांध पेटवायचा नाही, धसकटं पेटवायची नाहीत, चुलवण नाही, बिडी नाही. आणि जो कुणी मोडेल त्याचं नाव देवळासमोरच्या फळ्यावर वर्षभर लिहून ठेवायचं. ही फळ्याची कल्पना कुणाची होती म्हणता? माझी. "माणूस दंडाला भीत न्हाई, नावाला भितो," असं मी म्हणाले होते, आणि बायकांनी हसून हसून हात वर केले होते.

त्या चैत्रात आमच्या डोंगरालगतच्या रानात शाळू काढून झाला होता. धसकटं वेचून मी बांधाला ढीग लावला होता. बांधावर वाळलेलं गवत, त्यात आदल्या दिवशी भलामोठा साप दिसलेला. आणि माझ्या डोक्यात काय असेल? माझं माहेर! कृष्णाकाठी ऊस गेला की पाचट पेटवतात. लहानपणापासून बघितलेलं — पेटवलं की रान कसं चकचकीत, कामही हातावेगळं. तिथं चारी बाजूंना हिरवं असतं, पाट वाहत असतो, आग जाईल कुठं? तीच खोड अंगात. ठराव दुसऱ्यांसाठी होता — असं मी म्हणाले नाही मनात, पण वागले तशीच. मला काय कळत नाही होय? शेजारी पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या, म्हणजे बघा किती शहाणी! मालक विट्याला गेलेले. रानात चिटपाखरू नव्हतं. मी काडी ओढली.

वारं कधी उठलं ते कळलंच नाही. ढीग पेटला, बांध पेटला, आणि आग अशी उचलली गेली की मी घागर उचलेपर्यंत ती चर ओलांडून वर गेली होती. एक घागर ओतली. दुसरी हातातून सुटून फुटली. मी ओरडायला हवं होतं — नाही का? रान सोडून गावाकडं ओरडत पळायला हवं होतं. मी पळाले, पण ओढ्याच्या आडवाटेनं, कुणाला न दिसता. घरी आले. तोंड धुतलं. धुराचा वास येतो म्हणून लुगडं बदललं. लुगडं बदललं हो मी, डोंगर जळत असताना!

तेवढ्यात देवळातली घंटा वाजायला लागली.

आणि मग गाव जे धावलं! ते चित्र मी मरेपर्यंत विसरायची नाही. जेवती माणसं ताटावरून उठली. करंजाच्या, निर्गुडीच्या ओल्या फांद्या तोडून माणसं आगीवर झोडपत होती. सोपान आणि तात्या मागच्या अंगानं आधीच भिडले होते. तात्यांच्या मिशा होरपळल्या होत्या. बायका ओळ करून घागरी पोचवत होत्या. शाळेचे मास्तर अनवाणी. मी सगळ्यांच्या पुढं होते. खोटं नाही सांगत, जीव तोडून झोडपलं मी, हात कोपरापर्यंत भाजला, तरी हटले नाही. आता तुम्हीच सांगा, ते कशासाठी होतं? डोंगरासाठी? का दुसऱ्या कुणाला पुढं येऊन माझा बांध बघता येऊ नये म्हणून? मला खरंच सांगता येत नाही.

मधला सगळा पट्टा काळा झाला. आम्ही पोरांसारखी वाढवलेली झाडं उभीच्या उभी करपली. माझा कडबाही जळाला होता, आणि माझा बांध काळा पडला होता. लोक म्हणाले, आग वरनं उतरली बघा, आक्कांच्या रानापर्यंत आली. हळहळले माझ्यासाठी. पुढच्या ग्रामसभेत माझा साडी-नारळ देऊन सत्कार केला. भाजलेला हात फडक्यात गुंडाळलेला, आणि त्याच हातानं मी तो नारळ घेतला.

ह्याच सभेत ते झालं. वणवा लावला हे लिहायला मला तसं सोपं गेलं. खरं लपवलेलं ते हे आहे.

कुणीतरी मागनं म्हणालं, मेंढरंवाल्यांचंच काम असणार, जुनं गवत जाळलं की कोवळं फुटतं ना. तात्या त्या दिवशी वडूजच्या बाजारात होते, परतताना वाटेवरनंच धूर बघून आगीकडं धावले, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे बोट होतं सोपानकडं. सोपान तेव्हा नवा नवराच, तरणाबांड, घुमा. तो उठला, बिरोबापुढं गेला, भंडारा हातात घेतला आणि म्हणाला, "मी पल्याडच्या ओढ्याला हुतो. मेंढरं समदी तकडंच हुती. काडी माझी न्हाई."

धनगराच्या पोरानं भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. आमच्याकडं त्याच्यापुढं कुणी जात नाही. लोक सैल झाले. आणि सरपंचांनी सहज, आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "आक्का, तुमचं रान डोंगराला लागून हाय. तुमी काय बघितलं का?"

मी 'नाही' म्हणू शकत होते. दुसऱ्या कुणावर एक अक्षर न घालता सुटले असते! पण मला वाटलं, आता विषय असाच उघडा राहिला तर उद्या कुणीतरी नीट बघेल. आग उतारानं एवढी येते का, असं कुणीतरी विचारेल. माझंच नाव माझ्याच फळ्यावर. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मी सकाळीच घरी आले हुते. पण येताना सोपानची मेंढरं आपल्या डोंगराच्या अंगाला चढताना दिसली."

असं म्हणाले मी. अगदी सावकाश, दुःख झाल्यासारखं तोंड करून.

सोपान माझ्याकडं बघत राहिला. "वहिनी?" एवढंच म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, मला ऐकण्यात काही चूक झाली का, असं विचारल्यासारखा होता.

गाव तरीही केवढं मोठं मनाचं बघा. कुणी हात उचलला नाही. सरपंच म्हणाले, डोळ्यानं काडी ओढताना कुणी बघितलेलं नाही, तवा फळ्यावर कुणाचंच नाव लागणार न्हाई, आणि पुन्हा हे कुणी काढायचं न्हाई. येत्या अमुशाला नवीन खड्डे. सगळ्यांनी हात वर केले. मग तात्या उठले. भाजलेल्या मिशांचा तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "मागची पट्टी गावाला परत. मेंढरं मी इकतो." लोक नको नको म्हणाले. मी तेवढंही म्हणाले नाही. मी तेव्हा नारळाकडं बघत होते.

मेंढरं गेली. सोपान बायकोला घेऊन सोनं गाळायच्या दुकानात कामाला गेला, लांब, दक्षिणेत कुठंतरी. कळपामागं हिंडणारं पोर, बंद खोलीत भट्टीपुढं बसायला गेलं.

आणि तात्या? मला वाटलं, हा माणूस आता गावाचं तोंड बघणार नाही. पुढच्या अमुशाला ते घोडी घेऊन हजर! करपलेल्या पट्ट्यात पहिलं रोप त्यांनी लावलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात काठी घेऊन दिवसभर डोंगर राखतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी काही देत नाही. आज तो पट्टा बघाल तर तुम्हाला कळणारही नाही कुठं जळालं होतं. वणवा पुन्हा लागला नाही. पाहुण्यांना डोंगर दाखवताना मी हेही सांगते बरं का — एकदा वणवा लागला, पण गाव फुटलं नाही, अशी आमची एकी. माणसं माना डोलावतात, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. मी किती वेळा सांगितलं असेल हे!

आता गेल्या महिन्याची गोष्ट. गवत फारच दाटलंय. ग्रामसभेत बोलणं निघालं की आता मेंढरं सोडायला हवीत, पाळीपाळीनं, एकेक पट्टा. गवत आटोक्यात राहील, वणव्याची भीती कमी, रानाला खत. झाडं तर केव्हाच मेंढरांच्या तोंडाच्या वर गेलीत. मग सगळ्यांच्या तोंडी एकच — सोपानला बोलवा. गाव मेंढरं घ्यायला हातभार लावील. झालं गेलं ते गेलं. आणि तात्यांना सांगायला कुणी जायचं? "आक्का, तुमीच जावा. तात्या तुमचं ऐकत्यात."

मी गेले. जाताना वाटेत ठरवलं होतं — आज सांगायचं. शपथ घेऊन सांगते, ठरवलं होतं. तात्या अंगणात बसले होते. आता फार थकलेत. त्यांच्या मंडळींनी चहा आणून ठेवला. मी गावाचा निरोप सांगितला. तात्यांनी कप माझ्याकडं सरकवला.

मग म्हणाले, "त्याला कसा बोलवू, सूनबाई? डोंगर जळला, त्याचं न्हाई काय. चूक हुतीया. पण त्यानं बिरोबाचा भंडारा हातात घिऊन खोटं सांगितलं."

मी कप खाली ठेवला.

"पोटचा हाय. आतनं लय वाटायचं, खरं बोलत आसंल. रात-रात वाटायचं. पण मग तुझं आठवायचं. म्हणायचो, तिला काय पडलंय खोटं बोलायला? आपली सूनबाई हाय ती. तवापासनं मी त्याच्याशी बोललो न्हाई. नातू झाला म्हणं. बघितला न्हाई."

तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? माणूस समोर बसलाय, त्याचा मुलगा त्याला परत द्यायचा तर एक वाक्य पुरे. तेही माझ्या तोंडात, ज्या तोंडाचं सगळं गाव कौतुक करतं.

मी चहा संपवला. "बरं तात्या, येते," म्हणाले. वाटेत रडले, आणि गावाच्या आधी डोळे पुसले. सभेला जाऊन सांगितलं, तात्या नको म्हणतात. लोक म्हणाले, जुनं माणूस, त्यांचं मन मोडायला नको. विषय पुढं गेला.

गावानं कधी कुणाला फळ्यावर लिहिलं नाही, म्हणून मी इथं लिहिते. माझी बाजू अशी काही नाही. भीती होती म्हणावं, तर फळ्याची भीती गेल्यावरही मी गप्पच राहिले. तात्यांच्या दारात तर भ्यायचं काहीच नव्हतं.

तात्या, सोपान खरं बोलला होता. तो पल्याडच्या ओढ्याला होता. शाळवाची धसकटं मी पेटवली, भर दुपारी, माझ्या बांधावर. आणि त्या दिवशी मला मेंढरं दिसली नव्हती. एकही नाही.